सहा कुटुंबं, दहा गोल्फर आणि हुआ हिन: ट्रिप जेवणाच्या वेळेवरून आखा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातली सहा कुटुंबं, एकूण एकोणीस माणसं, जानेवारीत आठवडाभर परदेशी गोल्फ खेळायला जाणार. खेळणारे दहा. न खेळणाऱ्यांत दोन आज्या, तीन मुलं आणि गोल्फचं नाव काढलं की उठून जाणारे चार जण. ग्रुपमध्ये थायलंडमधलं पटाया, व्हिएतनाममधलं दा नांग आणि थायलंडचंच हुआ हिन असे तीन पक्ष पडलेत. दोघांना सहा दिवसांत सहा राऊंड हवेत. आणि शेवटची ओळ: 'परत आल्यावरही आम्ही मित्र राहिलो पाहिजे, तर कसं करावं?'

अशा ट्रिपा आखण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे सरळ सांगतो. रोज दुपारी एक वाजता एकोणीसच्या एकोणीस माणसं एकत्र जेवायला बसतील एवढं आधी ठरवा. मग घड्याळ तिथून मागे फिरवत या. कोर्स कुठला, हॉटेल कुठलं, राऊंड किती, गाड्या किती, सगळ्याची उत्तरं त्यातून निघतात. बहुतेक ग्रुप उलटं करतात. आधी इंटरनेटवर पाहून भारी कोर्सची यादी बनवतात, आणि बायको-मुलांचं काय करायचं हे तिथे पोचल्यावर बघतात. तिसऱ्या दिवशी रात्री जो अबोला सुरू होतो त्याचं मूळ तिथे असतं.

आता हिशेब करा. जेवण एक वाजता. कोर्स ते हॉटेल अर्धा तास. खेळून झाल्यावर कॅडीचे (बॅग सांभाळणाऱ्या मदतनीसाचे) पैसे, बॅगा गाडीत चढवणं, क्लबहाउसमध्ये अंघोळ, यात अर्धा तास जातो. दहा जण म्हटल्यावर चाळीस मिनिटं धरा. म्हणजे शेवटच्या फ्लाइटने (एकत्र खेळणाऱ्या गटाने) पावणेबाराच्या आत अठरावं होल संपवायला हवं. राऊंडला साडेचार तास. दहा जणांच्या चार-तीन-तीन अशा तीन फ्लाइट होतील, दोहोंत आठ-दहा मिनिटं. जानेवारीत हुआ हिनला सूर्य साधारण पावणेसातला उगवतो, म्हणून पहिला टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, 6:50, शेवटचा 7:10. बसतं बरोबर. पण कोर्स तासाभराच्या अंतरावर असला, किंवा टी-टाइम साडेआठचा मिळाला, की सगळं कोसळतं. जेवण तीनला, मुलं रडवेली, आज्यांनी खोलीत डब्यातला खाकरा खाल्लेला.

म्हणून ठिकाण. दा नांग मला मनापासून आवडतं. होइआना शोअर्स, मॉन्टगोमेरी लिंक्स, बा ना हिल्स असे कोर्स जवळजवळ आहेत आणि न खेळणाऱ्यांना होई आन हे जुनं गाव आहे. पण तिथला पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो आणि जानेवारीतही आभाळ भरलेलं, भुरभुर चालू, अशी हवा असू शकते. मार्च-एप्रिलमध्ये जाणार असतात तर मी दा नांग सांगितलं असतं. पटायाला कोर्सचा नुसता सुकाळ आहे. महिला एलपीजीए स्पर्धा जिथे होते तो सयाम कंट्री क्लबचा ओल्ड कोर्स तिथेच, जॅक निकलसचा लाएम चाबांग तिथेच, आणि सुवर्णभूमी विमानतळापासून अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर. आठ मित्र असतील तर पटाया. दोन आज्या आणि तीन मुलं घेऊन संध्याकाळी तिथे कुठे फिरायचं, हा प्रश्न रोज नव्याने पडतो. काही कुटुंबांना पडत नाही, हेही खरं.

हुआ हिन बँकॉकपासून सुमारे दोनशे किलोमीटर, गाडीने तीन-साडेतीन तास. हीच त्याची एकमेव मोठी अडचण. पण पोचलात की गाव छोटं, किनारा लांबलचक, आणि गोल्फ तर थायलंडमध्ये सुरूच तिथे झालं. रॉयल हुआ हिन हा देशातला सर्वांत जुना कोर्स, 1924 चा, तिथल्या रेल्वेत असलेल्या ए. ओ. रॉबिन्स या स्कॉटिश इंजिनिअरने आखलेला. रेल्वे आली, पाठोपाठ रेल्वेचं हॉटेल आलं, राजघराणं उन्हाळ्यात येऊ लागलं, आणि स्टेशनाच्या पलीकडे टेकडीच्या अंगाने हा कोर्स झाला. आपल्याकडच्या हिल स्टेशनांसारखीच गोष्ट, फक्त समुद्रकाठची. आजच्या मानाने तो छोटा आणि थोडा जुनाट वाटेल, पण एक राऊंड तिथे खेळाच. गावातल्या हॉटेलातून दहा मिनिटांत पहिल्या टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) उभे राहता, आणि त्या दिवशी जेवण साडेबारालाच होतं.

बाकी कोर्स म्हणाल तर ब्लॅक माउंटन आणि पायनॅपल व्हॅली हे दोन घ्या. ब्लॅक माउंटन 2007 चा. 2015 आणि 2016 मध्ये युरोपियन टूरची थायलंड क्लासिक तिथे झाली. पाणी भरपूर, पार थ्री (तीन फटक्यांत संपवायची होल) सुंदर आणि कपटी. पायनॅपल व्हॅली म्हणजे पूर्वीचा बनियन गोल्फ क्लब. नाव बदललंय, त्यामुळे जुन्या लेखांत दोन वेगळे कोर्स वाटतात आणि लोक दोन्हीकडे चौकशी करत बसतात. जमीन अननसाच्या मळ्यांची, चढउताराची. पंधराव्या पार थ्रीवरून समुद्र दिसतो. चौथा हवाच असेल तर चा-अमकडचा स्प्रिंगफील्ड, तोही निकलसचाच. यादी इथेच थांबवा.

राऊंड चार. सात दिवसांत चारच. पहिला दिवस प्रवासाचा: मुंबईची बहुतेक विमानं रात्रीची, थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणजे पहाटे उतरून तीन तास गाडीत. त्या दिवशी टी-टाइम घेणारा ग्रुप कॅप्टन बदलावा. मग दोन दिवस खेळ, एक दिवस सुट्टी, पुन्हा दोन दिवस खेळ, सातव्या दिवशी परत. ज्या दोघांना सहा हवेत त्यांना अडवू नका. त्यांनी सुट्टीच्या दिवशी किंवा दुपारी जेवणानंतर स्वतःच्या टॅक्सीने, स्वतःच्या खर्चाने जाऊन खेळावं. अट एकच, रात्रीच्या जेवणाला हजर. माझा अंदाज, दोघांपैकी एकजण दुसऱ्या दिवशी पाठ धरून पूलवर पडलेला असेल. पन्नाशीनंतर दमट हवेत सलग सहा राऊंड हे शनिवार-रविवार खेळणाऱ्याचं काम नाही.

हॉटेल गावात, किनाऱ्याला लागून. गोल्फ रिसॉर्टवर राहू नका, हे मी ठासून सांगतो. खेळणाऱ्याला खोलीतून उठून टीवर जायला मजा येते, पण रिसॉर्ट गावापासून लांब असतं आणि न खेळणारे नऊ जण तिथे अक्षरशः नजरकैदेत. गावात असले की ते आपापले सुटतात. सकाळी किनाऱ्यावर मुलांना घोड्यावर बसवता येतं, जुन्या लाकडी रेल्वे स्टेशनावर फोटो होतात, वाना नावा वॉटर पार्कमध्ये मुलांचा अख्खा दिवस जातो, शुक्रवार ते रविवार संध्याकाळी सिकाडा मार्केट भरतं. आज्यांसाठी हुआई मोंगकोन मंदिर आहे, लुआंग पू थुआत या भिक्खूंची प्रचंड मूर्ती तिथे बघण्यासारखी आहे. आणि मुक्काम एकच ठेवा. दोन शहरं करायची म्हणजे एकोणीस बॅगा, दहा गोल्फ बॅगा आणि एक विसरलेला चष्मा घेऊन अख्खा दिवस घालवणं.

सुट्टीचा दिवस बाकी सगळ्यांचा एकत्र असू द्या. दक्षिणेला खाओ साम रोई योत राष्ट्रीय उद्यानात फ्राया नाखोन नावाची गुहा आहे. छत कोसळलेलं, वरून उन्हाचा झोत येतो आणि खाली थायलंडचा राजा पाचवा राम याच्या भेटीसाठी 1890 मध्ये उभारलेला छोटा मंडप उजळतो. सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास पोचायला हवं. चढ मात्र खडा, दगडगोट्यांचा. आज्यांना खाली किनाऱ्यावरच बसवा, आणि गुडघे बोलणाऱ्या गोल्फरांनीही उगाच शौर्य दाखवू नये. दुसऱ्या दिवशी ब्लॅक माउंटन आहे.

आता कॅडी, कारण यावर सर्वांत जास्त गैरसमज असतात. थायलंडमध्ये प्रत्येक खेळाडूला एक कॅडी, आणि ती घ्यावीच लागते. बहुतेक बायका असतात, उन्हासाठी नखशिखांत झाकलेल्या. आपल्याकडे कॅडीला क्लबमधली मुलं समजून हाका मारायची सवय असते, ती विमानतळावरच सोडा. कॅडी फी ग्रीन फीसोबत काउंटरवर भरली तरी टिप वेगळी, रोख, तिच्या हातात. साधारण चारशे-पाचशे बाट धरा. शंभराच्या नोटा आदल्या रात्रीच पाकिटात घालून ठेवा; हजाराची नोट पुढे करून 'सुटे आहेत का' विचारणं वाईट दिसतं. दहा जणांनी एकच रक्कम आधी ठरवावी. एकाने हजार दिले आणि दुसऱ्याने दोनशे, तर पार्किंगमध्ये कॅडींची नव्हे, आपलीच चर्चा होते. आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावर, तिचं ऐका. या हवामानातल्या ग्रीनवर गवत एका दिशेला झुकलेलं असतं, त्याने पुटची रेषा आणि वेग दोन्ही फिरतात. तिला ते रोजच्या येण्याजाण्याने माहीत असतं. पुण्यातल्या आपल्या कोर्सच्या हिशेबाने वाचायला गेलात तर दोन फुटांवरून चुकाल आणि दोष पटरला द्याल.

स्पर्धा हवीच, नाहीतर दहा जण दहा दिशांना खेळतात. पण ग्रॉस स्कोअरवर, म्हणजे नुसत्या एकूण फटक्यांवर, नको. तुमच्यात 6 हँडिकॅपचा (हँडिकॅप म्हणजे कुवतीनुसार मिळणारी फटक्यांची सूट) एक आणि 28 चा एक असणार; ग्रॉसवर निकाल विमानात बसण्याआधीच लागलेला असतो. स्टेबलफर्ड ही गुणांची पद्धत ठेवा: नेट पारला (सूट वजा करून होलच्या ठरलेल्या फटक्यांइतकेच) दोन गुण, बोगीला (एक फटका जास्त) एक, बर्डीला (एक कमी) तीन, बोगीपेक्षा वाईट झालं तर शून्य आणि चेंडू उचलून पुढे. हा उचलण्याचा भाग फार महत्त्वाचा. चौघांपैकी एकजण पाण्यात चार चेंडू घालून दहाव्या फटक्याला पुट करत असला की साडेचार तासांचे साडेपाच होतात आणि जेवण गेलं. हँडिकॅप इंडेक्स तसाच्या तसा वापरू नका, तो त्या कोर्सच्या स्लोपने (अवघडपणाच्या आकड्याने) बदलतो. इंडेक्स 18 असेल आणि स्लोप 130, तर 18 गुणिले 130 भागिले 113, म्हणजे जवळपास 21. त्यात कोर्स रेटिंग (पट्टीच्या खेळाडूचा तिथला अपेक्षित स्कोअर) आणि पारमधला फरक मिळवायचा. एका आकडेमोड्या माणसाला हे काम द्या, असा एकजण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच आणि त्याला ते आवडतं. टी पांढऱ्याच. निळ्या, म्हणजे आणखी मागच्या, टीवरून खेळण्याचा हट्ट करणाऱ्याला पहिल्या तीन होलनंतर आपोआप समजतं, पण तोवर मागची फ्लाइट कमरेवर हात ठेवून उभी असते.

जोड्या रोज बदला. नवरा-बायको दोघं खेळणारे असतील तर त्यांना एका फ्लाइटमध्ये टाकण्याआधी दोघांना वेगवेगळं विचारा. खेळाच्या शेवटच्या दिवशी टेक्सास स्क्रँबल (सगळे मारतात, सर्वांत चांगल्या चेंडूवरून सगळे पुढे खेळतात), आणि त्यानंतर क्लबची परवानगी काढून प्रॅक्टिस ग्रीनवर सगळ्या एकोणीस जणांची पुटिंगची स्पर्धा. त्या दिवशी जेवण क्लबहाउसमध्येच ठेवा, उरलेले नऊ जण गाडीने तिथे येतील. कॅरम चांगला खेळणाऱ्या आज्यांना कमी लेखू नका; अंतराचा अंदाज त्यांचा पक्का असतो.

पैशांचे तीन वेगळे खिसे करा. पहिला सगळ्यांचा: हॉटेल, एकत्र जेवण, विमानतळाच्या गाड्या. दुसरा फक्त खेळणाऱ्यांचा: ग्रीन फी, कार्ट, कॅडी, कोर्सला जायची गाडी. तिसरा टीटीएमएम: दारू, मसाज, खरेदी. गोल्फचा एक बाटही पहिल्या खिशातून जाऊ देऊ नका. न खेळणारं कुटुंब तोंडाने काही म्हणत नाही, पण मनात हिशेब चालू असतो. आणि सगळे पैसे एकाच माणसाच्या खात्यात गोळा करून त्याने टूर कंपनीला भरायचे, असं करू नका. परदेशी टूर पॅकेजवर कंपनी टीसीएस (पैसे घेतानाच कापला जाणारा आगाऊ आयकर) घेते, तो पैसे भरणाऱ्याच्या पॅनवर जमा होतो. म्हणजे एकोणीस जणांचा टीसीएस एका मित्राच्या नावावर, आणि रिटर्न भरताना सहा कुटुंबांत वाटण्या. प्रत्येक कुटुंबाने आपापलं भरावं. आयत्या वेळी कुणी गळालं तर भरलेले पैसे कुणाचे, हे आधीच लिहून सर्वांकडून 'ओके' घ्या. टी-टाइमचे आगाऊ पैसे सहसा परत मिळत नाहीत.

गाड्यांबद्दल एकच. दहा सीटची व्हॅन म्हणजे दहा गोल्फर नव्हेत. गोल्फ बॅगांसह पाच, फार तर सहा माणसं बसतात. खेळायला दोन व्हॅन लागतील, आणि तिसरी हॉटेलवर कुटुंबांसाठी दिवसभर उभी हवी. हा खर्च वाचवायचा मोह होतो. वाचवू नका.

जेवणात अडचण तिखटाची नाही, न दिसणाऱ्या माशाची आहे. साध्या भाजीतही फिश सॉस किंवा कोळंबीची पेस्ट असते. शुद्ध शाकाहारी माणसाने 'जे' हा थाई शब्द सांगावा. त्यात मांस, मासे, अंडी नसतात आणि कांदा-लसूणही नसतो. बटाटा-गाजर चालतं, त्यामुळे जैन मंडळींनी तेवढं वेगळं सांगावं. गावात भारतीय रेस्टॉरंट आहेत, एक दुपार तिथे जाईलच. पहाटे सहाला हॉटेलचा नाश्ता सुरू झालेला नसतो, म्हणून खेळणाऱ्यांनी दशम्या, थेपले, चिक्की असं काहीतरी बॅगेत ठेवावं.

संध्याकाळच्या पत्त्यांविषयी मात्र सावध राहा. थायलंडच्या 1935 च्या पत्त्यांच्या कायद्यानुसार परवानगीशिवाय 120 पेक्षा जास्त पत्ते जवळ बाळगता येत नाहीत. तीन कॅट घेऊन रमीला बसलात तर 156 होतात. हसू नका: 2016 मध्ये पटायाला ब्रिज खेळणाऱ्या 32 परदेशी लोकांना, त्यात बरेच म्हातारे, पोलिसांनी धरून नेलं होतं. पैसे लावून खेळणं तर बेकायदाच, त्यामुळे गोल्फमधल्या पैजांचे हिशेबही बारमध्ये टेबलावर नोटा मांडून करू नका, पुण्यात आल्यावर करा. व्हेप किंवा ई-सिगारेट नेऊ नका, तिथे बंदी आहे. तरुण मुलांच्या बॅगा बघा.

सामान. ड्रायव्हर या क्लबचं डोकं निघत असेल तर काढून मोज्यात गुंडाळा, आणि बॅगेत सर्वांत लांब क्लबपेक्षा उंच अशी दांडी उभी घाला, म्हणजे बॅग उलटी आपटली तरी भार दांडीवर येतो. रेंजफाइंडरच्या (अंतर मोजायच्या यंत्राच्या) सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेत. गोल्फ बॅग धरून वजन किती चालतं ते प्रत्येक विमान कंपनीचं वेगळं, तिकीट काढतानाच बघा. विमानतळावर भरलेलं जादा वजन फार महाग पडतं. सेट नवा आणि महागडा असेल तर जाताना कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, परत येताना 'तिकडून आणला का' हा वाद होत नाही. पासपोर्ट सहा महिने वैध हवा. मे 2025 पासून थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड उतरण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट म्हणजे दलाल. व्हिसामाफीचे नियम गेल्या काही वर्षांत बदलत आलेत, म्हणून तिकिटांआधी दूतावासाच्या साइटवर बघा. साठीपुढच्या सगळ्यांचा प्रवास विमा आधीचे आजार धरून काढा.

क्रम असा ठेवा: आधी टी-टाइम, मग हॉटेल, शेवटी विमान. जानेवारी तिथला ऐन हंगाम. थंडीला कंटाळलेले युरोपियन आणि कोरियन गोल्फर सकाळचे सगळे टी-टाइम महिने महिने आधी उचलतात. तारखा हलवता येत असतील तर ब्लॅक माउंटन बुधवार-गुरुवारी घ्या, शनिवारी बँकॉककरही तिथे येतात आणि साडेचार तासांत राऊंड होत नाही. पहाटेचे तीन लागोपाठ टी-टाइम मिळाले नाहीत तर तो कोर्स सोडा आणि दुसरा बघा, पण साडेआठचे घेऊ नका.